मंदीत बेकारी भत्त्याचे पैसे येतात कुठून? अमेरिकेचा हिशोब, पेरोलवाल्याच्या टेबलावरून

प्रश्न असा आहे की मंदी आली की नोकऱ्या जातात, सरकारला टॅक्स कमी मिळतो आणि नेमकी त्याच वेळी भत्ता मागणाऱ्यांची रांग लागते, मग आडातच नाही तर पोहऱ्यात येतं कुठून, अमेरिका सरळ नोटा छापते का, आणि असलं काही आपल्याकडे का नाही. शिवाय एक पोटप्रश्न, भाचा न्यू जर्सीत एच-वन-बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहे, त्याची नोकरी गेली तर त्याला मिळेल का. मी न्यू जर्सीत बरीच वर्षं छोट्या धंद्यांचं पेरोल आणि टॅक्सचं काम करतोय, म्हणजे हा पैसा जिथून कापला जातो त्या टेबलावर बसतो, तर तिथून जसं दिसतं तसं सांगतो.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा. ऐन मंदीत पैसे उभे करणं हे अमेरिकेच्या सरकारला फारसं अवघड जात नाही. भांडण असतं ते मंदीच्या आधीच्या वर्षांत किती साठवायचं आणि मंदी संपल्यावर बिल कुणाच्या माथी मारायचं याचं.

इथला भत्ता हा मुळात विमा आहे आणि हप्ता मालक भरतो. विस्कॉन्सिन राज्याने १९३२ साली पहिला कायदा केला, मग १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्यात केंद्राने सगळ्या राज्यांना त्यात ओढलं, आणि ओढायची युक्ती मला आजही आवडते. केंद्राने मालकांवर एक टॅक्स लावला, फुटा म्हणतात त्याला, आज तो ६ टक्के आहे, पण राज्याने स्वतःची बेकारी विमा योजना चालवली आणि मालकाने राज्याचा टॅक्स वेळेत भरला तर त्यातले ५.४ टक्के माफ. म्हणजे योजना नको म्हणणाऱ्या राज्याच्या मालकांनी पूर्ण ६ टक्के केंद्राला द्यायचे आणि हातात काहीच नाही. कोणतं राज्य नको म्हणेल? सगळी आली.

उरले ०.६ टक्के, ते पण फक्त पगाराच्या पहिल्या ७,००० डॉलरवर, म्हणजे माणशी वर्षाला ४२ डॉलर. आणि हा ७,००० चा आकडा १९८३ पासून तसाच आहे, चाळीस वर्षांत कुणी हात लावला नाही. पूर्णवेळ काम करणाऱ्याचे ७,००० जानेवारी ते मार्चमध्येच पूर्ण होतात, त्यामुळे हा टॅक्स सगळा वर्षाच्या सुरुवातीला भरला जातो आणि मग वर्षभर त्याची आठवणही येत नाही. पण या ४२ डॉलरमधून कुणाला भत्ता मिळत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. त्यातून बेकारी ऑफिसांचा कारभार चालतो, मंदीतल्या वाढीव आठवड्यांमधला केंद्राचा वाटा जातो, आणि खडखडाट झालेल्या राज्यांना कर्ज देतात ते त्यातून.

भत्ता जातो राज्याच्या टॅक्समधून, आणि तो राज्याराज्यात एवढा वेगळा आहे की एकच देश आहे का असं वाटावं. कॅलिफोर्निया अजून पहिल्या ७,००० डॉलरवरच टॅक्स घेतं, न्यू जर्सीने २०२५ ला ४३,३०० वर घेतला, वॉशिंग्टन राज्याने ७२,८०० वर. रेट पण प्रत्येक मालकाचा वेगळा. तुमच्याकडून काढलेल्या माणसांनी जेवढा भत्ता उचलला तेवढा तुमचा रेट चढतो, गाडीच्या इन्शुरन्समध्ये क्लेम केल्यावर प्रीमियम वाढतो तसंच. आमच्याकडे रेटची नोटीस उन्हाळ्यात येते आणि ती आली की रेस्टॉरंटवाल्यांचे फोन सुरू, "अहो मी तर दोघांनाच काढलं होतं, एवढा कसा वाढला?" त्यांना सांगावं लागतं की दोघांपैकी एकाने पूर्ण २६ आठवडे घेतले, ते तुमच्या खात्यावर टाकलेत.

न्यू जर्सीत अजून एक भानगड आहे, इथे कामगाराच्या पगारातूनही कापतात. पेन्सिल्वेनिया, अलास्का आणि न्यू जर्सी, एवढीच तीन राज्यं असं करतात. भाच्याला पेस्लिप बघायला सांगा, ०.३८२५ टक्के बेकारी विम्याचे आणि ०.०४२५ टक्के कामगार प्रशिक्षणाचे गेलेले दिसतील. रक्कम किरकोळ असते पण भरतोय तो नक्की.

हा सगळा पैसा राज्याच्या बँकेत राहत नाही हां. तो राजधानी वॉशिंग्टनला केंद्राच्या तिजोरीत बेकारी ट्रस्ट फंडात जातो, तिथे ५० राज्यं, राजधानी, पोर्तो रिको आणि व्हर्जिन आयलंड्स अशी ५३ वेगवेगळी खाती आहेत, त्यावर व्याज मिळतं, आणि फंडातली रक्कम केंद्राच्याच रोख्यांत गुंतवलेली असते. म्हणजे साठवलेला पैसा हा पण शेवटी सरकारने सरकारला लिहून दिलेली चिठ्ठीच. पण राज्याच्या दृष्टीने ती पुंजी खरी असते, मागितली की मिळते.

आता साठवायचं किती? केंद्राचा एक ठोकताळा आहे, मागच्या सगळ्यात वाईट मंद्यांमध्ये जेवढा खर्च झाला त्या पातळीवर एक वर्ष भागेल एवढं खात्यात असावं. सक्ती मात्र नाही. आणि सक्ती नसली की काय होतं ते कुठल्याही सोसायटीच्या सिंकिंग फंडाचा विषय निघालेल्या मीटिंगला बसलेल्याला सांगायला नको. चांगल्या काळात खात्यात चार पैसे दिसले की मालकांच्या संघटना म्हणतात रेट कमी करा, युनियनवाले म्हणतात भत्ता वाढवा, आणि बऱ्याच राज्यांत तर शिल्लक वाढली की रेट आपोआप खाली येतो असा कायद्यातच तक्ता दिलेला असतो. त्यामुळे २०२० उजाडलं तेव्हा दहा वर्षं तेजी होऊन सुद्धा कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, टेक्सस ही तिन्ही मोठी राज्यं या ठोकताळ्याच्या बरीच खाली होती. तहान लागल्यावर विहीर खणायची पद्धत इकडेही आहे.

कॅलिफोर्नियाचा साधा हिशोब करून बघा, मी क्लायंटना हाच दाखवतो. भत्ता आठवड्याला जास्तीत जास्त ४५० डॉलर, २६ आठवडे घेतला तर ११,७०० डॉलर. मालकाचा जास्तीत जास्त रेट ६.२ टक्के, तो ७,००० वर, म्हणजे माणशी वर्षाला ४३४ डॉलर. म्हणजे सगळ्यात वरच्या रेटने भरलेला २७ माणसांचा अख्ख्या वर्षाचा टॅक्स हा एका माणसाच्या पूर्ण भत्त्यात संपतो. साध्या वर्षात कसंबसं निभतं, मंदीत शक्यच नाही. आणि तो ४५० चा आकडा पण २००५ पासूनचा आहे बरं का, त्या राज्यातली घरभाडी बघता तो काही उदार वगैरे अजिबात नाही.

तर खातं रिकामं झालं की काय? भत्ता बंद करता येत नाही, कायद्याने देणं लागतं. इथल्या जवळजवळ सगळ्या राज्यांना बजेट तुटीत ठेवायला बंदी आहे, नोटा छापायचा तर प्रश्नच नाही. मग राज्य केंद्राच्या फंडातून उचल घेतं. ही उचल मिळायला काही त्रास नाही, गव्हर्नरने अर्ज केला की मिळते. ३० सप्टेंबरच्या आत फेडली आणि बाकी अटी पाळल्या तर व्याजही नाही. नाहीतर व्याज लागतं, आणि ते व्याज मालकांकडून गोळा केलेल्या या विम्याच्या टॅक्समधून देता येत नाही, राज्याला दुसरीकडून आणावं लागतं, म्हणजे शाळा, रस्ते, दवाखान्यांच्या त्याच तिजोरीतून.

आणि मुद्दल? तिथे ती १९३५ ची युक्ती परत डोकं वर काढते. सलग दोन वर्षं १ जानेवारीला कर्ज अंगावर असलं आणि त्या दुसऱ्या वर्षीच्या १० नोव्हेंबरपर्यंत फिटलं नाही, तर त्या राज्यातल्या सगळ्या मालकांची ५.४ टक्क्यांची सूट दरवर्षी ०.३ ने कमी व्हायला लागते. माणशी २१ डॉलर पहिल्या वर्षी, मग ४२, मग ६३. कॅलिफोर्नियाने कोविडमध्ये घेतलेलं कर्ज २० अब्ज डॉलरच्या आसपास आहे, तिथल्या मालकांची सूट २०२२ पासून कमी होत आली आणि २०२५ च्या वर्षासाठी ही कपात माणशी ८४ डॉलर झाली, म्हणजे फुटा माणशी ४२ च्या ऐवजी १२६. हे सगळं जानेवारी अखेर भरायच्या ९४० नंबरच्या फॉर्मला एक पुरवणी जोडून भरावं लागतं. ज्या मालकाने एक पण माणूस काढला नाही तो पण भरतो, ज्याने २०२३ मध्ये दुकान उघडलं, कोविडशी ज्याचा काही संबंध नाही, तो पण भरतो.

माझा यावर खरा आक्षेप वेगळाच आहे. १२६ डॉलर हे वर्षाला २०,००० कमावणाऱ्या पार्टटाइम भांडी धुणाऱ्यामागे पण तेवढेच आणि २ लाख कमावणाऱ्या इंजिनिअरमागे पण तेवढेच. पहिल्याच्या पगाराच्या ०.६३ टक्के, दुसऱ्याच्या ०.०६३. नाव मालकाच्या टॅक्सचं, पण स्वस्त मजूर ठेवणाऱ्या धंद्यावर त्याचा बोजा दहापट बसतो आणि तो बोजा शेवटी तासाचा रेट ठरवताना कामगाराकडेच सरकतो. आणि वेळ बघा, हा टॅक्स चढतो कधी तर मंदीतून नुकतं डोकं वर काढून माणसं परत घ्यायला लागायच्या वेळी. ७,००० चा आकडा वाढवून रेट कमी केला तर अर्धा प्रश्न सुटेल हे इथला प्रत्येक पेरोलवाला सांगतो, पण खासदारांना तो टॅक्स वाढवला असं दिसतं, म्हणून कुणी पुढे येत नाही.

२००८ च्या मंदीनंतर निम्म्याहून जास्त राज्यं अशी केंद्राच्या दारात उभी होती, एकूण कर्ज ४० अब्ज डॉलरच्या वर गेलं होतं. टेक्सस, मिशिगन, पेन्सिल्वेनिया यांनी काय केलं, बाजारात स्वतःचे बॉन्ड काढले, कमी व्याजाने पैसे उचलले, केंद्राचं फेडून टाकलं आणि मालकांची सूट वाचवली. नॉर्थ कॅरोलायनाने दुसरा रस्ता धरला, २०१३ ला आठवड्याचा जास्तीत जास्त भत्ता ५३५ वरून ३५० वर आणला, आठवडे कमी केले, आणि दोन वर्षांत कर्ज मोकळं. फ्लोरिडात तर २७५ डॉलर आणि चांगल्या काळात फक्त १२ आठवडे. म्हणजे बिल मालकाने भरायचं, टॅक्स भरणाऱ्या सगळ्यांनी भरायचं, की पुढच्या मंदीत नोकरी जाईल त्याने भरायचं, एवढाच प्रश्न असतो, आणि तिसऱ्याच्या गळ्यात मारणं सगळ्यात सोपं कारण तो अजून बेकार झालेलाच नसतो, ओरडणार कोण?

आता केंद्राकडे येतो, कारण नोटा छापण्याचा प्रश्न तिथलाच. नेहमीचे २६ आठवडे पुरत नाहीत तेव्हा वाढीव आठवडे मिळतात, १९७० पासून त्याचा निम्मा खर्च केंद्राचा, निम्मा राज्याचा असा नियम आहे, पण मोठी मंदी आली की केंद्र सगळाच उचलतं. २००८ नंतर काही राज्यांत सगळं मिळून ९९ आठवडे मिळत होते. आणि २०२० चं तर विचारूच नका. मार्च अखेर कायदा झाला, राज्याच्या भत्त्यावर आठवड्याला वरून ६०० डॉलर, शिवाय उबरवाले, फ्रीलान्सर, ज्यांनी कधी हप्ताच भरला नव्हता त्यांनाही. एकेका आठवड्यात ६० लाखांच्या वर नवे अर्ज येत होते. ६०० असा गोल आकडा का, पगाराच्या टक्क्यात का नाही, तर राज्यांच्या जुन्या कॉम्प्युटरना प्रत्येकाचा वेगळा हिशोब झटपट करणं जमणार नव्हतं. आमच्या तेव्हाच्या गव्हर्नर मर्फींनी तर त्या एप्रिलमध्ये कोबोल ही जुनी कॉम्प्युटर भाषा येणारे लोक पाहिजेत म्हणून जाहीर हाक दिली, तेव्हा वायटूकेच्या, म्हणजे २००० साल उजाडताना कॉम्प्युटर दुरुस्त करायच्या काळात इकडे आलेले आमचे मराठी मंडळी व्हॉट्सॅपवर एकमेकांना टॅग करत होती.

हे ६०० डॉलर कुठल्याही विमा खात्यातून आले नाहीत. केंद्राने सरळ कर्ज काढलं. रोखे विकले, आणि मंदीत घाबरलेली सगळी दुनिया, बँका, पेन्शन फंड, बाहेरचे देश, अमेरिकेचे रोखे घ्यायला धावतात, त्यामुळे व्याज उलट खाली जातं. २०२० चं बहुतेक वर्ष दहा वर्षांच्या रोख्याचं व्याज १ टक्क्याच्या खाली होतं. त्या आर्थिक वर्षात तूट ३.१ ट्रिलियन डॉलर झाली तरी. त्याच वेळी फेडरल रिझर्व्हने, म्हणजे इथल्या रिझर्व्ह बँकेने, बाजारातून ढिगाने रोखे विकत घेतले, तो पैसा फेडने नव्याने निर्माण केलेला, म्हणून "नोटा छापल्या" हे अर्धं खरं आहे. पण फेडने थेट भत्ता दिला नाही, रोखे बाजारातून घेतले आणि व्याज दाबून ठेवलं, त्यामुळे सरकारला उधारी स्वस्त पडली. पुढे महागाई आली, २०२३ च्या जुलैपर्यंत फेडचा दर ५.२५ ते ५.५ टक्क्यांवर गेला, आणि तेव्हा जुनी उधारी नव्या व्याजाने फिरवणं महाग पडायला लागलं. महागाईत भत्त्याचा वाटा किती आणि माल अडकल्याचा किती यावर अर्थतज्ज्ञ अजून भांडतात, त्यात मी पडत नाही.

एक गंमत, २०२० च्या जुलै अखेर ते ६०० संपले आणि संसदेत एकमत होईना, तेव्हा वादळं-पुरासाठी राखलेल्या आपत्ती फंडातून काही आठवडे ३०० डॉलर दिले गेले. म्हणजे कुठून येतो पैसा याचं उत्तर कधीकधी "जो डबा हाताला लागेल तो" असंही असतं.

थोडा पैसा परत पण येतो. भत्ता हे इथे टॅक्सेबल उत्पन्न आहे, आणि हे लोकांना पुढच्या वर्षी रिटर्न भरताना कळतं. २०२१ च्या सीझनला आमच्याकडे लोक तोंडं पाडून बसायचे, भत्ता खर्च झालेला आणि वर टॅक्स देणं निघालेलं. मग मार्चमध्ये कायदा आला की १,५०,००० च्या आत उत्पन्न असेल तर पहिले १०,२०० डॉलर माफ, तोवर अर्ध्या लोकांचे रिटर्न जाऊन बसले होते, आयआरएसला, म्हणजे इथल्या इन्कम टॅक्स खात्याला, नंतर स्वतःहून हिशोब बदलून रिफंड पाठवावे लागले.

भाच्याचं सांगतो. एच-वन-बी वाल्याला बहुतेक वेळा मिळत नाही, कारण भत्त्याची अट अशी की तुम्ही उद्या दुसरीकडे लगेच काम धरायला मोकळे असलं पाहिजे, आणि त्याचा व्हिसा एका मालकाला बांधलेला, नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत. त्याच्या पेस्लिपमधून जातात ते पैसे दुसऱ्यांच्या कामी येतात. ग्रीन कार्ड असेल किंवा ईएडी, म्हणजे कुठेही काम करायचा परवाना, असेल तर अर्ज करावा, हक्काचं आहे, लाजायचं काही कारण नाही. एच-वनवर असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय अर्ज करू नये.

आणि आपल्याकडे का नाही. पूर्ण नाही असं नाही. ईएसआय म्हणजे कामगार विमा योजनेत २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, नोकरी गेल्यावर ९० दिवसांपर्यंत, आधी सरासरी कमाईच्या २५ टक्के होतं, कोविडमध्ये ५० टक्के केलं. पैसा ईएसआयच्या हप्त्यांचाच, मालकाचे ३.२५ आणि कामगाराचे ०.७५ टक्के. पण पगाराची मर्यादा २१,००० आहे, म्हणजे महिन्याला फार तर १०,५०० च्या आसपास, आणि तेही आयुष्यात एकदा. मुळात ज्याची हजेरी, पगार, हप्ता कुठेच कागदावर नाही त्याचा विमा कसा उतरवणार, आणि आपल्याकडे असे लोक बहुसंख्य आहेत.

पण महाराष्ट्राने याचं दुसरं उत्तर अमेरिकेपेक्षा डोकेबाजपणे काढलं होतं. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी, वि. स. पागे यांची कल्पना, आणि खर्चाची सोय काय केली, तर १९७५ ला व्यवसाय कर लावला. तुमच्या स्लिपवर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० जातात ना, पीटी म्हणून, तोच. शहरातल्या पगारदाराकडून घ्यायचे, सरकारने तेवढीच भर घालायची, आणि गावात काम मागणाऱ्याला द्यायचे. पाऊस मराठवाड्यात पडला नाही तरी मुंबईतले पगार चालूच राहतात, त्यामुळे ज्या वर्षी मागणी वाढते त्याच वर्षी वसुली आटत नाही. अमेरिकेच्या राज्यांना नेमकं हेच जमत नाही, त्यांचा टॅक्स त्याच मालकांकडून येतो ज्यांचे धंदे मंदीत बसलेले असतात. अडचण एवढीच की वर्षाला २,५०० ची मर्यादा घटनेतच आहे, १९८८ पासूनची, इथल्या ७,००० डॉलरसारखीच गोठलेली.

पुढे २००५ च्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्यात (मनरेगा) पण बेकारी भत्ता होता, १५ दिवसांत काम नाही दिलं तर. फक्त मजुरी केंद्राने द्यायची आणि भत्ता राज्याने स्वतःच्या खिशातून, अशी वाटणी होती. त्यामुळे काम मागायला आलेल्या माणसाला तारीख घातलेली पोचच मिळायची नाही, आणि पोच नाही म्हणजे १५ दिवस मोजायला सुरुवात कुठून करणार.